अवकाश दुर्बिणीच्या डिटेक्टरचे वय : हबलच्या प्रतिमा प्रथमच हाताळणाऱ्यांसाठी

हबल अवकाश दुर्बिणीने घेतलेल्या प्रतिमा ‘मास्ट’ या संग्रहातून कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतात. इंटरनेट आणि साधा लॅपटॉप एवढ्या सामग्रीवर काम सुरू होते. पहिली फिट्स फाइल (खगोलीय प्रतिमा साठवण्याचा प्रचलित प्रकार) उघडली, की नवख्या अभ्यासकाचा हात साहजिकच ताऱ्यांची तेजस्विता मोजण्याकडे वळतो. माझे आग्रहाचे सांगणे असे, की त्याआधी निदान एक पूर्ण दिवस त्या प्रतिमेमागच्या प्रकाशसंवेदकाला, म्हणजे डिटेक्टरला द्यावा. प्रयोगशाळेत तपासून पाठवलेला डिटेक्टर कक्षेत गेल्यावर रोज थोडाथोडा झिजतो. हबलला माणसाचा हात शेवटचा लागला तो मे २००९ मध्ये; त्यानंतर तेथे ना दुरुस्ती झाली ना बदल. त्यामुळे एकाच कॅमेऱ्याने २००३ साली आणि २०२३ साली टिपलेला एकच तारा कच्च्या आकड्यांत सारखा दिसेल, ही अपेक्षाच चुकीची आहे. प्रतिमा वाचायची तर तिची तारीखही सोबत वाचावी लागते. पुढे दिलेल्या पायऱ्या याच क्रमाने केल्या, तर नंतरची बरीच यातायात वाचेल.

पहिली पायरी : हेडर वाचून तारीख मांडा

प्रत्येक फिट्स फाइलच्या सुरुवातीला हेडर, म्हणजे त्या निरीक्षणाच्या माहितीचा तक्ता, असतो. डीएस-नाइन हा प्रतिमा पाहण्याचा प्रोग्रॅम किंवा पायथन या संगणकभाषेतील ॲस्ट्रोपाय हा संच यांपैकी कशानेही तो उघडता येतो. त्यातून कॅमेरा आणि त्याचा विभाग, निरीक्षणाची तारीख, प्रकाशसंकलनाचा काळ आणि प्रतिमा वाचण्यापूर्वी दिवा लावला होता की नाही, या चार गोष्टी वहीत उतरवून घ्याव्यात. दिव्याचा संदर्भ पुढे येईल.

तारखेशेजारी कॅमेऱ्याचा इतिहास लिहावा. एसीएस हा हबलचा कॅमेरा मार्च २००२ मध्ये बसवला गेला. जुलै २००६ मध्ये त्याच्या मोठ्या विभागाच्या सीसीडीचे (प्रकाशाचे विद्युतभारात रूपांतर करणाऱ्या सिलिकॉनच्या डिटेक्टरचे) तापमान उणे ७७ अंशांवरून उणे ८१ अंश सेल्सिअसवर आणले गेले. जानेवारी २००७ मध्ये इलेक्ट्रॉनिक्समधील बिघाडामुळे तो विभाग बंद पडला आणि मे २००९ मध्ये अंतराळवीरांनी तो दुरुस्त केला. त्याच मोहिमेत डब्ल्यूएफसी-३ हा नवा कॅमेरा बसला. तुमची प्रतिमा या घटनांपैकी कशाच्या आधीची आणि कशाच्या नंतरची आहे, हे एका ओळीत सांगता आले पाहिजे.

दुसरी पायरी : योग्य फाइल निवडा

एकाच निरीक्षणाच्या अनेक फाइली संग्रहात असतात आणि नवखा माणूस येथेच गोंधळतो. ‘रॉ’ ही अगदी कच्ची नोंद. ‘एफएलटी’मध्ये मूळ पातळी, अंधारातला प्रवाह आणि पिक्सेलागणिक संवेदनशीलतेतला फरक यांची दुरुस्ती झालेली असते. ‘एफएलसी’मध्ये याखेरीज विद्युतभार वाहून नेताना झालेल्या गळतीचीही दुरुस्ती असते. ‘डीआरझेड’ आणि ‘डीआरसी’ या अनुक्रमे त्या दोन्हींपासून, अनेक प्रतिमा एकत्र करून आणि प्रकाशमार्गाच्या रचनेमुळे आलेला वाकडेपणा काढून तयार केलेल्या फाइली होत. दिसायला डीआरसी सर्वांत देखणी असते. पण डिटेक्टरचे दोष समजून घ्यायचे असतील तर एफएलटी आणि एफएलसी शेजारी शेजारी उघडून पाहाव्यात. जोडलेल्या प्रतिमेत दोष पुसट होतात आणि प्रतिमा फिरवलेली असल्यास त्यांची दिशाही बदललेली दिसते.

तिसरी पायरी : गरम पिक्सेल ओळखा

हबल पृथ्वीपासून पाचशे-सहाशे किलोमीटर उंचीवर फिरते. दक्षिण अमेरिका आणि दक्षिण अटलांटिक महासागराच्या वर पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकलेल्या प्रोटॉनांचा पट्टा बराच खाली उतरलेला आहे. या भागातून जाताना हबल निरीक्षण थांबवते, पण डिटेक्टरवर होणारा मारा काही थांबत नाही. वेगवान प्रोटॉन सिलिकॉनच्या स्फटिकातील एखाद्या अणूला त्याच्या जागेवरून उखडतो. त्या रिकाम्या जागेमुळे काही पिक्सेलांत प्रकाश नसतानाही इलेक्ट्रॉन साचू लागतात. हेच गरम पिक्सेल.

येथे थोडे गणित करून पाहावे. समजा, एखाद्या पिक्सेलात अंधारातही सेकंदाला ०.१ इलेक्ट्रॉन साचतो. १००० सेकंदांच्या निरीक्षणात ते १०० इलेक्ट्रॉन झाले. अंधाराची, म्हणजे प्रकाश अडवून घेतलेली, प्रतिमा वजा केली की ते १०० जातात. मात्र त्यांच्या संख्येतला स्वाभाविक चढउतार, म्हणजे १००चे वर्गमूळ १०, तो मागे उरतोच. दुरुस्ती केली म्हणजे पिक्सेल पूर्ववत झाला, असे समजून चालणारे अनेकजण येथे फसतात. शिवाय वजा केलेली अंधाराची प्रतिमा त्याच काळातली असावी लागते. म्हणूनच हेडरमध्ये कोणती डार्कफाइल वापरली, हेही पाहावे.

महिन्यातून एकदा हबलच्या सीसीडींना मुद्दाम ऊब दिली जाते. एरवी उणे ८० अंशांच्या आसपास असलेला डिटेक्टर सुमारे २० अंशांपर्यंत तापवला जातो आणि पुन्हा थंड केला जातो. त्यामुळे त्या महिन्यात नव्याने गरम झालेल्या पिक्सेलांपैकी बहुतांश ताळ्यावर येतात. सर्वच येत नाहीत; उरलेले साठत जातात. म्हणून तुमची प्रतिमा ऊब दिल्यानंतर दुसऱ्या दिवशी घेतली की तीन आठवड्यांनी, याने फरक पडतो.

हा उपाय सर्व दुर्बिणींना सरसकट लागू पडेल असे मात्र नाही, आणि याचा धडा चंद्रा क्ष-किरण दुर्बिणीने दिला. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचे नाव धारण करणारी ही दुर्बीण २३ जुलै १९९९ रोजी सोडली गेली. सुरुवातीच्या काही आठवड्यांत तिच्या एसिस या कॅमेऱ्याच्या सीसीडींची प्रत झपाट्याने खालावली. शोध घेतल्यावर कळले, की पृथ्वीभोवतीच्या प्रारण-पट्ट्यांतून जाताना कमी ऊर्जेचे प्रोटॉन दुर्बिणीच्या आरशांवरूनच विखुरत थेट कॅमेऱ्यापर्यंत पोहोचत होते. क्ष-किरण एकवटण्यासाठी घडवलेल्या आरशांनी प्रोटॉनांनाही वाट करून दिली होती. दहापैकी आठ सीसीडींना झळ बसली. उरलेल्या दोन सीसीडींवर किरण मागील बाजूने पडतात आणि भार वाहून नेणारा थर त्या बाजूपासून दूर असतो. इतक्या कमी ऊर्जेचे प्रोटॉन तेथवर पोहोचत नाहीत, म्हणून त्या वाचल्या. तेव्हापासून पट्ट्यांतून जाताना कॅमेरा नाभीपासून बाजूला सरकवला जातो. या सीसीडी ३० अंशांपर्यंत तापवल्या तेव्हा भारवहनातली गळती कमी होण्याऐवजी वाढल्याचे आढळले. त्यांना आता उणे १२० अंशांच्या आसपास ठेवले जाते. हबलला जे औषध लागू पडते, ते चंद्रा दुर्बिणीला बाधले. एका डिटेक्टरचा अनुभव दुसऱ्याला लावताना फार जपून राहावे, असे मी म्हणतो ते यामुळे.

चौथी पायरी : गुणवत्तेचा थर उघडा

एफएलटी किंवा एफएलसी फाइलमध्ये प्रतिमेसोबत आणखी दोन थर असतात : एक त्रुटींचा, म्हणजे प्रत्येक आकड्यातल्या अनिश्चिततेचा, आणि दुसरा गुणवत्तेचा, ज्याला डीक्यू म्हणतात. डीक्यूमध्ये प्रत्येक पिक्सेलाला एक पूर्णांक दिलेला असतो. शून्य असेल तर पिक्सेल निर्दोष. प्रत्येक दोषाला दोनच्या घातातला (१, २, ४, ८, १६ असा) स्वतंत्र आकडा ठरवलेला असतो आणि एकाच पिक्सेलात अनेक दोष असतील तर त्यांची बेरीज लिहिली जाते. १६ म्हणजे गरम पिक्सेल, २५६ म्हणजे काठोकाठ भरलेला पिक्सेल, ४०९६ म्हणजे प्रतिमा जोडताना सापडलेला विश्वकिरणाचा, म्हणजे अवकाशातून आलेल्या वेगवान कणाचा, आघात. आता समजा एका पिक्सेलावर ४११२ असे लिहिलेले दिसले. असा दोष यादीत कोठेच नाही. ४०९६ आणि १६ यांची ती बेरीज आहे : पिक्सेल मुळात गरम आणि त्यावर विश्वकिरणही आदळलेला. पायथनमध्ये बेरजेतून एक दोष वेगळा काढण्यासाठी द्विमान तुलना (बिटवाइज अँड) वापरावी. ‘१६ आहे का’ असे थेट बरोबरीचे चिन्ह लावून विचारले, तर असे पिक्सेल निसटतात. ही चूक इतक्या वेळा होते, की तुमच्या पहिल्या प्रोग्रॅममध्ये ती आहे असे धरूनच तो तपासावा.

शून्य नसलेला प्रत्येक पिक्सेल फेकून देण्याचीही घाई करू नये. गरम पिक्सेल स्थिर असेल, तर त्याचा अंधार वजा करून तो काही कामांसाठी वापरता येतो. काठोकाठ भरलेला मात्र तेजस्विता मोजण्यासाठी तसाच वापरू नये.

पाचवी पायरी : शेपट्या शोधा

आता या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग. एसीएसच्या मोठ्या विभागात २०४८ गुणिले ४०९६ पिक्सेलांच्या दोन सीसीडी एकमेकींना लागून बसवलेल्या आहेत आणि मध्ये बारीक फट आहे. भार मोजणारी यंत्रणा बाहेरच्या कोपऱ्यांवर आहे. म्हणजे फटीजवळ पडलेल्या ताऱ्याचे इलेक्ट्रॉन मोजले जाण्यापूर्वी एका पिक्सेलातून दुसऱ्यात असे सुमारे दोन हजार वेळा सरकतात.

स्लॅब पडण्याच्या दिवशी बांधकामावर माणसांची रांग कशी उभी असते, ते डोळ्यांपुढे आणावे. खालून भरलेले घमेले हातोहात वर जाते. प्रत्येक घमेल्याला थोडा माल चिकटतो आणि तो नंतरच्या खेपेत सुटून पडतो. पहिल्या खेपेतला माल वर पोहोचेपर्यंत थोडा कमी भरतो आणि वाटेत चिकटून राहिलेला तो माल मागाहून येणाऱ्या खेपांत मिसळतो. प्रोटॉनांनी सिलिकॉनमध्ये केलेली छिद्रे नेमके हेच करतात : ताऱ्याच्या भारातले काही इलेक्ट्रॉन पकडून ठेवतात आणि थोड्या वेळाने, मागून येणाऱ्या पिक्सेलात सोडतात. ताऱ्याची तेजस्विता घटते, त्याचे केंद्र किंचित सरकते आणि त्याला शेपटी फुटते.

एका सरकण्यात भाराचा ०.९९९९९ एवढा अंश पुढे गेला, तर २०४८ सरकण्यांनंतर सुमारे ९८ टक्के उरतो. तोच अंश ०.९९९९ झाला तर जेमतेम ८१.५ टक्के उरतो. दशांश चिन्हानंतरचा एक नऊ गेला, तर दोन टक्क्यांची गळती साडेअठरा टक्क्यांवर जाते. प्रत्यक्षात हा अंश सर्व ताऱ्यांसाठी एकच नसतो. पकडून ठेवणाऱ्या जागा मर्यादित असल्याने मोठ्या भारातून थोडाच वाटा जातो, तर क्षीण ताऱ्याचा मोठा भाग वाटेतच अडकतो. आकाश अगदी काळे असेल तर नुकसान अधिक, कारण पार्श्वभूमीचे इलेक्ट्रॉन त्या जागा आधीच भरून ठेवत नाहीत. ज्या निरीक्षणांसाठी अवकाशात दुर्बीण पाठवली, त्या क्षीण आणि काळोख्या निरीक्षणांनाच याचा सर्वाधिक फटका बसतो, ही यातली खरी खंत आहे.

हे स्वतः पाहावे. २०१५ नंतरची एखादी एफएलटी फाइल उघडून, रंगपट्टी आकाशाच्या पातळीजवळ ताणून, फटीजवळचा भाग मोठा करावा. तारे, विश्वकिरणांचे ठिपके, सगळ्यांनाच एकाच दिशेने बारीक रेघ ओढल्यासारखी दिसेल. वरच्या सीसीडीत ती खाली आणि खालच्या सीसीडीत ती वर, म्हणजे दोन्हीकडे फटीच्या दिशेने जाते. बाहेरच्या कडेकडे जावे तशी रेघ आखूड होत जाते. आता त्याच जागी एफएलसी उघडावी. रेघा बऱ्याच पुसल्या गेलेल्या असतील. पकडलेले इलेक्ट्रॉन कोठून निघाले असावेत याचे प्रतिमान बांधून ते परत जागेवर ठेवण्याची ही पद्धत आहे. त्यात दोन मर्यादा आहेत. एक, यंत्रणेचा मूळ गोंगाटही, म्हणजे आकड्यांतला निरर्थक चढउतारही, त्यासोबत वाढू शकतो. दुसरी, जो तारा वाटेत इतका झिजला की गोंगाटात बुडाला, तो या पद्धतीने परत मिळत नाही.

म्हणून नोव्हेंबर २०१२ पासून डब्ल्यूएफसी-३च्या दृश्य-अतिनील विभागात काळोख्या निरीक्षणांसाठी, प्रतिमा वाचण्यापूर्वी कॅमेऱ्यातला छोटा दिवा क्षणभर लावण्याचा सल्ला दिला जाऊ लागला. पहिल्या पायरीत उल्लेख केला तो हाच दिवा. आधी पिक्सेलामागे १२ इलेक्ट्रॉनांची पार्श्वभूमी पुरेशी मानली जाई. डिटेक्टर जसा म्हातारा झाला तसा हा आकडा २० पर्यंत वाढवावा लागला. याची किंमतही आहे : १२ इलेक्ट्रॉनांमुळे सुमारे साडेतीन इलेक्ट्रॉनांचा गोंगाट वाढतो आणि तो वाचनाच्या मूळ गोंगाटाच्या तोडीचा आहे. तरीही तारा पूर्ण गमावण्यापेक्षा हा सौदा बरा.

सहावी पायरी : विश्वकिरण वेगळे करा

एसीएसच्या मोठ्या विभागात १००० सेकंदांच्या निरीक्षणात सुमारे दीड ते तीन टक्के पिक्सेलांवर विश्वकिरणांचा आघात होतो. एकूण पिक्सेल सुमारे १ कोटी ६८ लाख. म्हणजे अडीच ते पाच लाख पिक्सेल बाधित. एकाच प्रतिमेवर भिस्त ठेवणे येथे अशक्य आहे. निरीक्षण अनेक तुकड्यांत केलेले आणि प्रत्येक तुकड्यात दुर्बीण किंचित सरकवलेली असेल, तर तारा आकाशातल्या जागी राहतो, गरम पिक्सेल डिटेक्टरवरच्या जागी राहतो आणि विश्वकिरण पुन्हा तेथे दिसत नाही. या तिहेरी फरकावर सगळी चाळणी चालते. एकाच तुकड्यात दिसलेला ‘नवा तारा’ कोणालाही कळवू नये.

सातवी पायरी : अवरक्त असेल तर नियम बदला

डब्ल्यूएफसी-३चा अवरक्त विभाग आणि जेम्स वेब दुर्बिणीची जवळच्या अवरक्तातली उपकरणे पारा-कॅडमियम-टेलुराइडचे डिटेक्टर वापरतात. त्यांत प्रत्येक पिक्सेल जागच्या जागी वाचला जातो, भार सरकवावा लागत नाही, त्यामुळे पाचव्या पायरीतल्या शेपट्या येथे नसतात. वाचल्याने भार नष्टही होत नाही; म्हणून एकाच निरीक्षणात पिक्सेल पुन्हा पुन्हा वाचून भार कसा चढत गेला, ते पाहता येते. मध्येच एकदम उडी दिसली तर तो विश्वकिरण. वेबच्या प्रतिमांत काही आघात शेकडो पिक्सेल व्यापणाऱ्या गोल डागांसारखे दिसतात आणि तेथे काम करणारे त्यांना ‘स्नोबॉल’ म्हणतात. नेहमीच्या चाळणीतून त्यांच्या कडा सुटतात, म्हणून त्या वेगळ्या तपासाव्यात.

अवरक्ताचा स्वतःचा दोष म्हणजे स्मृती. तेजस्वी तारा पाहून झाल्यावर त्याची पुसट छाया पुढच्या निरीक्षणातही उमटते. म्हणजे तुमच्या प्रतिमेतला डाग तुमच्याआधी दुसऱ्याच कोणी पाहिलेल्या ताऱ्याचा असू शकतो. संग्रहात आधीच्या काही तासांतली निरीक्षणे शोधून त्या जागा ताडून पाहाव्यात.

आठवी पायरी : वाटेतली साय तपासा

प्रकाश कमी भरला की दोष दर वेळी डिटेक्टरचाच असतो असे नाही. चंद्रा दुर्बिणीच्या एसिस कॅमेऱ्यापुढच्या थंड गाळणीवर वर्षानुवर्षे कार्बनी रेणूंचा थर साचत गेला आणि कमी ऊर्जेचे क्ष-किरण दिसेनासे होऊ लागले. युक्लिड दुर्बिणीच्या आरशावर बर्फाचा अतिशय पातळ थर जमला होता; मार्च २०२४ मध्ये एकच आरसा उणे १४७ वरून उणे ११३ अंशांपर्यंत तापवला आणि पोहोचणारा प्रकाश १५ टक्क्यांनी वाढला. म्हणून तेजस्वितेचे रूपांतर करणारा गुणांक नेहमी निरीक्षणाच्या तारखेचाच घ्यावा.

मोजणीची पद्धतच निराळी असेल तर ही यादीही निराळी होते. भारताच्या ॲस्ट्रोसॅटवरील अतिनील दुर्बिणीचे, यूव्हीआयटीचे, उदाहरण घ्या. ॲस्ट्रोसॅट २८ सप्टेंबर २०१५ रोजी सुमारे ६५० किलोमीटर उंचीवर, विषुववृत्ताशी केवळ सहा अंशांचा कल ठेवून सोडला गेला. त्यामुळे दक्षिण अटलांटिकवरच्या त्या पट्ट्याची त्याला फक्त कडच लागते. यूव्हीआयटीचा डिटेक्टर एकेक फोटॉन मोजतो आणि पूर्ण चौकटीत सेकंदाला सुमारे २९ वेळा वाचला जातो. सेकंदाला सरासरी २९ फोटॉन देणाऱ्या ताऱ्याचे दोन-दोन, तीन-तीन फोटॉन एकाच वाचनात येतात आणि एकच धरले जातात. हिशोब केला तर २९ ऐवजी सुमारे १८च मोजले जातील. येथे क्षीण तारा सुरक्षित आणि तेजस्वी ताऱ्याला दुरुस्ती हवी, हबलच्या सीसीडीच्या अगदी उलट. ही निरीक्षणे बंगळूरुजवळच्या इस्रोच्या संग्रहातून मिळतात. त्याच उपग्रहावरच्या सीझेडटीआय या उपकरणाच्या नोंदींवर पुण्याच्या आयुकामध्ये प्रक्रिया होते. मराठी विद्यार्थ्यांना प्रश्न विचारायला इतके जवळचे ठिकाण दुसरे नाही.

शेवटची पायरी : स्वतः पडताळा घ्या

वर सांगितलेले सारे खरे मानण्याऐवजी एकदा मोजून पाहावे. ४७ टुकानी हा दक्षिण आकाशातला दाट तारकागुच्छ हबलने याच कामासाठी पुन्हा पुन्हा टिपला आहे. पृथ्वी सूर्याभोवती फिरते तसा हबलला सोयीचा कोन बदलत जातो आणि सुमारे तीन महिन्यांनी तोच भाग साधारण ९० अंशांनी वळलेला दिसतो. अशा दोन प्रतिमा निवडाव्यात. तीच तारका एका प्रतिमेत फटीजवळ आणि दुसरीत बाहेरच्या कडेला सापडेल. (१८० अंशांचे वळण येथे उपयोगी नाही, कारण दोन्ही सीसीडी आरशातल्यासारख्या वाचल्या जातात आणि अंतर तेवढेच राहते.) दोन्हीकडे सापडलेल्या शंभरेक ताऱ्यांची तेजस्विता मोजून त्यांचे तेजस्वी, मध्यम आणि क्षीण असे तीन गट करावेत. मग आडव्या अक्षावर वाचनयंत्रणेपासूनच्या अंतरातला फरक आणि उभ्या अक्षावर दोन तेजस्वितांचे गुणोत्तर घेऊन प्रत्येक गटाची रेषा काढावी. एफएलटीमध्ये क्षीण गटाची रेषा सर्वांत अधिक कललेली दिसेल. तोच आलेख एफएलसीवरून पुन्हा काढावा. कोणत्या तेजस्वितेपर्यंत रेषा आडवी होते, ती मर्यादा वहीत तारखेसह लिहावी. त्याखालचे तारे अंतिम यादीत घ्यायचेच असतील, तर त्यांच्या आकड्यापुढे उरलेली गळती त्रुटी म्हणून नोंदवावी.